पंधरा मिलिमीटर

अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धरून पाहा. मुळापासून टोकापर्यंत साधारण १५ मिलिमीटर भरेल. चार किंवा सहा इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर) स्क्रूने आवळलेला अख्ख्या जबड्याचा पक्का ब्रिज (दातांची एकसंध रांग) बसवायचा, तर हाडाच्या कडेपासून दातांच्या चावायच्या कडेपर्यंत एवढी उभी जागा लागते. तळाशी इम्प्लांटवर बसणारं अबटमेंट, त्यावर टायटॅनियमची पट्टी, पट्टीभोवती गुलाबी अ‍ॅक्रिलिकची खोटी हिरडी आणि सगळ्यांत शेवटी दात, अशी ती उतरंड असते. ब्रिज अखंड झिर्कोनियाचा, म्हणजे पांढऱ्या कठीण सिरॅमिकचा, असेल तर दोन-तीन मिलिमीटर कमी जागेत भागतं. त्याहूनही जागा कमी असली की अ‍ॅक्रिलिक पातळ करावं लागतं, आणि पातळ अ‍ॅक्रिलिक तडकतं किंवा त्यातला दात निखळतो.

ही जागा असते कुणाकडे? ज्याचे दात वीस वर्षांपूर्वी गेले आणि मागोमाग हाडही झिजलं, त्याच्याकडे. ज्याचे दात कालपर्यंत तोंडात होते, हलत असले तरी होते, त्याच्या जबड्याला हाड शिल्लक असतं. म्हणजे जागा नसते. मग ती करावी लागते. दात काढल्यावर त्याच बैठकीत हिरडी बाजूला सारून जबड्याची कड बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, सपाट करतात. कुणाची दोन-तीन मिलिमीटर, कुणाची त्याच्या दुप्पट. वरच्या जबड्यात आणखी एक कारण असतं. खोटी हिरडी जिथे संपते आणि खरी सुरू होते तो सांधा हसताना ओठाखाली लपला पाहिजे. हसल्यावर हिरडी दिसणाऱ्या माणसाचं हाड त्यासाठी जास्त उतरवावं लागतं.

हे कुणी चोरून करत नाही. ही या पद्धतीतली रीतसर पायरी आहे. पण जिन्यापाशी हातात पडणाऱ्या रंगीत पत्रकावर ती नसते, आणि ‘नाही जमलं तर कवळी आहेच की’ असं म्हणणाऱ्या घरच्यांना तर ती ठाऊकच नसते. उतरवलेलं हाड परत येत नाही. उद्या इम्प्लांट निकामी झाले, तर ज्या उंचवट्यावर कवळी बसायची तो उंचवटाच आधी सपाट झालेला असतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. दातांच्या पर्यायांची तुलना करताना आपण ‘सगळ्यांत चांगला कुठला’ एवढंच विचारतो. त्याच्या शेजारी ‘हा फसला तर हातात काय उरेल’ हा प्रश्न ठेवून पाहिला, की पर्यायांचा क्रम बराच बदलतो.

मूळ कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना दिसलं, की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. काढायला गेलं तर निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पुढे लिस्बनच्या पावलो मालो यांनी २००३ मध्ये चार इम्प्लांटवर अख्खा खालचा जबडा उभा करण्याची पद्धत मांडली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके, कधी ४५ अंशांपर्यंत. तिरके अशासाठी, की खालच्या जबड्यात उपदाढांच्या आसपास ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते, तिला वळसा घालता यावा. वरच्या जबड्यात हाच वळसा सायनसच्या पोकळीला घालतात. त्यामुळे मागे हाड भरायचं ऑपरेशन टळतं. अक्कल लढवून शोधलेली वाट आहे. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, असं बहुतेक अभ्यास सांगतात.

फक्त ‘जागेवर असणं’ आणि ‘त्रास न देणं’ यांत अंतर आहे. जाहिरातीतला आकडा पहिल्याचा असतो.

‘एका दिवसात पक्के दात’ हेही असंच अर्धं वाक्य. त्या दिवशी बसतात ते अ‍ॅक्रिलिकचे तात्पुरते दात, दहा ते बारा, मागच्या दाढा वगळून. तेही इम्प्लांट हाडात पुरेसा घट्ट बसला तरच. टॉर्क रेंचवर, म्हणजे आवळण्याची ताकद मोजणाऱ्या पान्यावर, निदान ३५ न्यूटन-सेंटिमीटर ताकद लागायला हवी. हाड भुसभुशीत निघालं आणि रेंच २० वरच घसरली, तर सुज्ञ डॉक्टर त्या दिवशी दात लावत नाही, इम्प्लांटवर झाकण बसवून हिरडी शिवतो आणि रुग्णाला कवळी देऊन घरी पाठवतो. हा अपमान नव्हे. म्हणून आधीच विचारून ठेवायचं, ‘त्या दिवशी ३५ भरले नाहीत तर मी काय घालून घरी जाणार?’ भोक पाडतानाही घाई अंगाशी येते. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तर त्या जागी ते मरतं. म्हणून ड्रिलवर गार सलाइनची धार सतत सोडावी लागते आणि बोथट झालेले ड्रिल बदलावे लागतात.

त्यापुढे इम्प्लांट हाडात रुजायला खालच्या जबड्यात तीन महिने लागतात, वरच्यात चार ते सहा. यातला धोक्याचा काळ पहिला आठवडा नाही, तिसरा-चौथा आठवडा आहे. सुरुवातीला इम्प्लांट धरून ठेवतं ते जुन्या हाडाचं नुसतं आवळणं. शरीर ते दाबलं गेलेलं हाड हळूहळू पोखरून काढतं आणि नवं घालतं. जुनं गेलेलं आणि नवं पुरतं न आलेलं, असा मधला काळ महिन्याच्या सुमारास येतो. नेमकी तेव्हा सूज उतरलेली असते, टाके निघालेले असतात, आरशात दात छान दिसत असतात, आणि चहाबरोबर डब्यातली बाकरवडी खुणावत असते. या काळात खिमट, वरणभात, उपमा, दुधात कुस्करलेली पोळी, ताकात भिजवलेली भाकरी, केळं एवढ्यावरच राहायचं. मिसळ खायचीच तर फरसाण पुरतं भिजून मऊ झाल्यावर, आणि पावाचा कडक कडा सोडून. ‘मी एकाच बाजूने चावतो’ ही पळवाट इथे चालत नाही. ब्रिज एकसंध आहे, एका टोकाला दाबलं की दुसऱ्या टोकाच्या इम्प्लांटला उपटणारा ताण बसतो.

भातात खडा आला, की काय होतं ते आठवा. कचकन आवाज व्हायच्या आत जबडा थांबतो, जीभ खडा शोधते, हात तोंडाशी जातो. हे दाताचं काम नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो, त्याचं आहे. तो पडदा केसाहून पातळ वस्तूही ओळखतो आणि जबड्याच्या स्नायूंना लगाम घालतो. इम्प्लांटला हा पडदा नाही. धातू थेट हाडात. थोडीफार जाणीव हाडातून आणि सांध्यातून पोचते, पण उशिरा आणि बोथट. परिणामी वर-खाली दोन्हीकडे पक्के ब्रिज असलेला माणूस स्वतःच्या नकळत फार जोरात चावतो. खडा आला तरी जबडा थांबत नाही, दाताचा कोपरा उडतो. ज्यांना रात्री झोपेत दात खायची सवय आहे, त्यांच्या बाबतीत तर लगाम ओढणारी व्यवस्थाच गेलेली असते. त्यांनी नाइटगार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच, लावायचाच. तो लावायला कंटाळा येणार असेल, तर इतका खर्चच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झिर्कोनियाचे दात फारसे झिजत नाहीत, हे खरं. ते वर-खाली एकमेकांवर आपटतात तेव्हा कपबशीसारखा टकटक आवाज येतो, हेही खरं. अ‍ॅक्रिलिकचे दात झिजतात, पिवळे पडतात, एखादा तुटतो, पण तो लॅबमध्ये दोन दिवसांत नवा बसवता येतो. झिर्कोनियाला तडा गेला की सहसा अख्खा ब्रिज नवा करावा लागतो. कुठली वस्तू महाग आहे यापेक्षा कुठली दुरुस्त होते, हे पाहायची सवय आपल्याला स्कूटरच्या बाबतीत असते, दातांच्या बाबतीत नसते.

आता बेसिनपाशी चला, रात्री दहा वाजता. ब्रिजची गुलाबी कड आणि खरी हिरडी यांच्यामध्ये बारीक फट आहे. सकाळच्या पोह्यांतली मोहरी, दुपारच्या कोशिंबिरीतला दाण्याचा कूट, चटणीतले तीळ, पेरूच्या बिया, सगळं तिथे जाऊन बसलेलं. आधी वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारं यंत्र. त्याची टाकी भरायची, कमी दाबावर सुरू करायचं, नळीचं टोक कडेला आडवं धरून बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी. जिभेच्या बाजूने धरताना मनगट उलटं वळवावं लागतं, आणि पाणी आरशावर उडतं ते उडतंच. मग स्पंजसारखा मधला भाग असलेला जाड फ्लॉस. त्याचं ताठ टोक बाहेरून फटीत घालायचं, आत जिभेच्या बाजूला पकडायचं, ओढून घ्यायचं, आणि प्रत्येक इम्प्लांटभोवती बुटाला पॉलिश करावं तसं मागेपुढे फिरवायचं. चार इम्प्लांट, चार वेळा. दोन्ही जबडे असतील तर आठ वेळा. शेवटी मऊ ब्रश. सरावल्यानंतरही दहा मिनिटं जातात, आणि हे रोज, उरलेलं सगळं आयुष्य.

साठीत हे जमतं. प्रश्न ऐंशीचा आहे. बोटं संधिवाताने वाकली, हाताला कंप सुटला, नजर उतरली, किंवा विसरायला होऊ लागलं, तर हे कोण करणार? पुण्यात आज कितीतरी घरांत ऐंशी ओलांडलेले आई-वडील आणि ब्यूरोतून आलेल्या मावशी, एवढीच माणसं असतात. मावशी कवळी काढून नळाखाली ब्रशने घासतील, रात्री पाण्यात ठेवतील. स्क्रूने आवळलेल्या ब्रिजखालून त्यांनी फ्लॉस ओढावा, ही अपेक्षा धरता येत नाही. माझ्या लेखी पक्क्या दातांचा सगळ्यांत मोठा तोटा हाच, आणि सल्लामसलतीत सगळ्यांत कमी वेळ त्याच्यावर खर्च होतो. परदेशातून फोनवर लेक म्हणते, ‘आई, पैशांचं बघू नकोस, एकदाच काय ते करून टाक.’ माया खरी आहे. ‘एकदाच’ हा शब्द तेवढा खरा नाही.

सफाई राहिली तर इम्प्लांटभोवतीचं हाड पायोरियासारखंच सडत जातं, आणि बहुधा न दुखता. नैसर्गिक दाताच्या हिरडीचे तंतू मुळात रुतलेले असतात, त्यांची थोडीफार भिंत असते. इम्प्लांटभोवती हिरडी नुसती लपेटलेली असते, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला वाट मोकळी. फ्लॉसला रक्त लागणं, दाबल्यावर पू येणं, सकाळी तोंडाला कडवट वास, एवढ्याच खुणा. एक्स-रेमध्ये इम्प्लांटभोवती बशीच्या आकाराचा खड्डा दिसतो तेव्हा बरंच हाड गेलेलं असतं. त्यावरचे उपचार आहेत, पण गेलेलं हाड भरून येईल अशी खात्री कुणी देऊ नये. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांनी हा धोका वाढतो. पहाटे चुलीपाशी मिश्री लावायची सवय चाळीस वर्षं जुनी असेल, तर ती आधी सुटली पाहिजे, मग बाकी बोलणं. काबूत नसलेल्या मधुमेहाचंही तेच.

हाडांच्या ठिसूळपणासाठी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाइन किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर दाताच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. या औषधांवर असताना दात काढला किंवा हाडाला भोक पाडलं, तर जखम न भरता हाड उघडं पडण्याचा धोका असतो. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत दिली जातात तेव्हा हा धोका फार वाढतो. फॉर्मवर ‘चालू औषधे’ या ओळीत बीपीची गोळी लिहिली जाते आणि सहामाही इंजेक्शन विसरलं जातं, कारण ते रोजच्या डब्यात नसतं.

स्क्रूंबद्दल थोडं विस्ताराने, कारण ब्रिज तोंडात धरून ठेवतात ते हेच, आणि बोलताना यांना कुणी विचारत नाही. ब्रिज अबटमेंटवर बसवणारा स्क्रू साधारण १५ न्यूटन-सेंटिमीटरला आवळतात. ब्रिज जर ताण न देता, पाटावर पाट बसावा तसा बसला नसेल, तर प्रत्येक स्क्रू त्याला ओढून बसवतो आणि तो ताण चोवीस तास इम्प्लांटवर राहतो. पुढे स्क्रू ढिले होतात किंवा तुटतात. हे तपासायची सोपी युक्ती आहे. एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा, बाकीचे मोकळे सोडायचे, आणि दुसऱ्या टोकाला ब्रिज केसभरही उचलला जातो का ते पाहायचं. उचलला गेला तर पट्टी कापून पुन्हा जोडायची किंवा नवी करायची. ‘आवळला की बसेल’ हे वाक्य दवाखान्यात ऐकू आलं, तर सावध व्हावं. सगळं बसल्यावर स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉनची पांढरी टेप दाबून भरतात, नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो तीच जात, आणि वर दाताच्या रंगाचं सिमेंट. पुढे कधी उघडायचं झालं तर सिमेंट कोरून टेप ओढून काढली की खाली स्क्रू सुरक्षित सापडतो.

पण उघडणार कोण, कुठल्या पान्याने? प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं, जोड वेगळा. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर छापलेला स्टिकर असतो. प्रत्येक इम्प्लांटचा एक स्टिकर स्वतःच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या, त्याचा फोटो मुलांच्या फोनवर असू द्या. डॉक्टर निवृत्त होतात, दवाखाने विकले जातात, कंपन्या मॉडेल बंद करतात. मुलीकडे सहा महिने न्यू जर्सीला गेल्यावर स्क्रू ढिला झाला आणि फाइल कोथरूडच्या कपाटात राहिली, तर तिथला डॉक्टर एक्स-रे पाहून नुसता अंदाज बांधत बसेल.

चारच इम्प्लांट असण्याचा अर्थही इथेच कळतो. चारातला मागचा एक गेला, की उरलेल्या तिघांवर ब्रिज बहुधा पेलत नाही. नैसर्गिक दात एकेक करून जातात, माणसाला वेळ देतात. अखंड ब्रिज जातो तेव्हा बारा-चौदा दात एकाच दुपारी जातात. हाड पुरेसं असेल तर सहा इम्प्लांट आणि शक्यतो तुकड्यांमध्ये ब्रिज, म्हणजे एक तुकडा उघडला तरी बाकीच्यांनी जेवता येतं. खर्च वाढतो, पण माझं मत त्या बाजूला आहे.

बोलण्याचं थोडक्यात. ‘चाक’ आणि ‘चित्र’ यांतला च वेगळा, ‘जुना’ आणि ‘जीव’ यांतला ज वेगळा, हे मराठी तोंडाला शिकवावं लागत नाही. ‘चाक’चा च जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या बाजूला टेकवून उमटतो, आणि ब्रिजची जाड कड नेमकी तिथेच येते. त, थ, द, ध आणि स यांचंही घर तेच. काही आठवडे जीभ अडखळते, मग बहुतेकांची सरावते. वरच्या जबड्यात फट जास्त राहिली तर ‘स’ म्हणताना हवा आणि थुंकी निसटते. कीर्तनकार, शिक्षक, वकील, गाणारे यांनी तात्पुरत्या दातांवरच हे सगळं तासून घ्यावं. अंतिम ब्रिज तोंडात आल्यावर तासायला फार काही उरत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, दात खरंच जायलाच हवेत का हे दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, आणि शक्यतो अशा डॉक्टरला, जो हिरड्यांचं काम करतो. इम्प्लांट लावणारा आणि ‘सगळे काढा’ म्हणणारा एकच असेल, तर सल्ल्याला आपोआप एक कल येतो. त्यात लबाडी असेलच असं नाही. आत-बाहेर थोडा हलणारा दात खोल सफाई आणि हिरडीच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षं काम देऊ शकतो. बोटाने वर-खाली दाबला जाणारा दात मात्र गेल्यातच जमा. शिवाय माणसाला बत्तीस दात लागतातच असं नाही. २० दात, त्यातही वर-खाली एकमेकांना भिडणारे, एवढ्यांवर बहुतेकांचं जेवण नीट चालतं. जपानने १९८९ मध्ये ८० वर्षांच्या माणसाच्या तोंडात २० दात, अशी मोहीमच काढली. मागच्या दोन दाढा नाहीत म्हणून जबडाभर धातू रोवायचं कारण नाही. मधले एक-दोन दात नसतील तर साधा ब्रिज, त्याहून जास्त दात गेले असतील तर कोबाल्ट-क्रोम धातूच्या पातळ सांगाड्याची काढता-घालता येणारी अर्धी कवळी हे पर्याय अजूनही जिवंत आहेत. ते दाखवायला आकर्षक नाहीत, एवढंच.

सगळेच दात काढायची वेळ आली, तरी दोन सुळ्यांची मुळं भक्कम आहेत का ते पाहायला सांगा. त्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटर ठेवून घुमटासारखे गोल घासतात आणि त्यावर कवळी बसवतात. मूळ आहे तोवर भोवतालचं हाड टिकतं, आणि तो ०.२ मिलिमीटरचा पडदाही. भातातला खडा कळतो. या जुन्या, स्वस्त युक्तीचं नाव आज क्वचित निघतं. घुमट रोज घासावे लागतात, नाहीतर किडतात, हा तिचा दोष.

पूर्ण कवळीची आपल्याकडे चेष्टा फार झाली. ग्लासातली कवळी, शिंकेबरोबर उडालेली कवळी. खरं तर वाईट कवळी आणि नीट केलेली कवळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नीट केलेलीला पाच खेपा लागतात. पहिलं माप, मग स्वतंत्र ट्रेवर कडा मऊ मेणासारख्या कांडीने ओठ-गाल हलवून घडवत घेतलेलं दुसरं माप, मग मेणाच्या कड्यांवर जबड्याची उंची आणि ठेवण ठरवणं, मग मेणात रोवलेले दात तोंडात घालून पाहणं, आणि शेवटी कवळी. दोन खेपांत कवळी देणाऱ्याने कडा घडवणं गाळलेलं असतं, आणि वरच्या कवळीची हवाबंद पकड त्या कडांवरच असते. पुण्यातल्या दंत महाविद्यालयांत, म्हणजे धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील अशा ठिकाणी, विद्यार्थी या पाचही पायऱ्या शिक्षकांच्या नजरेखाली करतात. वेळ जातो, पैसे कमी जातात.

वरची कवळी टाळू झाकते. आमटीचा गरमपणा उशिरा कळतो, चवीत थोडं उणं वाटतं, पण ती धरून राहते. ज्यांना टाळूला काही टेकलं की उमासे येतात, त्यांचा प्रश्न खरा आहे. खालची कवळी मात्र घोड्याच्या नालासारखी, मध्ये जीभ वळवळणारी, तिला धरायला जागाच नाही. त्यात खालचं हाड झिजतंही जास्त. कवळी लावणाऱ्यांच्या २५ वर्षांच्या पाहणीत, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, खालची झीज वरच्याच्या सुमारे चौपट भरली होती. वाट पाहण्याची ही किंमत आहे आणि ती लपवून माझा मुद्दा पुढे रेटण्यात अर्थ नाही. ‘आधी कवळी, मग बघू’ असं म्हणत पंधरा वर्षं काढली, तर इम्प्लांटसाठी हाड उरेलच असं नाही.

म्हणून खालच्या जबड्यापुरता मला सगळ्यांत समंजस वाटणारा पर्याय म्हणजे सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचकन बसणारी कवळी. २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच किमान पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं. कवळीच्या आत धातूच्या वाटीत नायलॉनची चकती असते. ती इम्प्लांटवरच्या बटणाला पकडते. चकती वर्षा-दीड वर्षात सैल होते, पाच मिनिटांत बदलता येते. रात्री कवळी काढायची, नळाखाली धुवायची, दोन बटणं साध्या ब्रशने घासायची. मावशींना जमतं. हाड बहुधा कापावं लागत नाही, नस दूर राहते, आणि यातला एखादा इम्प्लांट गेला तरी तीच कवळी नुसती कवळी म्हणून चालते. वरच्या जबड्याचं हाड मऊ, तिथे दोन पुरत नाहीत, सहसा चार लागतात. एक सावधगिरी अशी, की खाली भक्कम पक्के दात आणि वर साधी कवळी अशी जोडी जमवली, तर खालच्या माऱ्याने वरच्या पुढच्या भागाचं हाड झिजून हिरडी लिबलिबीत होऊ शकते. हे आधी सांगितलं जात नाही, मग ‘वरची कवळी अचानक का सैल झाली’ असं कोडं पडतं.

‘तीन दिवसांत दात’ म्हणून बेसल इम्प्लांटच्या जाहिराती दिसतात. तो एकसंध तुकडा असतो, स्क्रू आणि डोकं एकच, त्यावर ब्रिज सिमेंटने चिकटवतात. म्हणजे उघडून पाहायचं तर ब्रिज कापायला लागू शकतो. माझी कसोटी तुम्हाला ठाऊक आहे, तिला तो उतरत नाही.

अखंड पक्के दात कुणाला शोभतात? ज्यांचे दात खरोखर संपलेत, काढता-घालता येणारं काहीच सहन होत नाही, हाड भरपूर झिजल्याने कापायची गरज उरलेली नाही, हातांत कौशल्य आहे, वर्षातून दोनदा तपासणीला यायची तयारी आहे, आणि पाच-दहा वर्षांनी पुन्हा मोठा खर्च झेपणार आहे, त्यांना. अशांना ते खूप सुख देतात. शेंगदाण्याची चिक्की पुन्हा खाता येण्याचं मोल दुसऱ्याने ठरवू नये. मेडिक्लेम मात्र अपघात सोडून दातांच्या खर्चाला सहसा हात लावत नाही. कोटेशन हातात घेऊन विचारायचं असतं ते असं. तात्पुरते दात यात आहेत की वेगळे? अंतिम ब्रिज कशाचा? नाइटगार्ड? वर्षातून एकदा ब्रिज उघडून सफाई? पहिल्या वर्षात इम्प्लांट गेला तर नव्याचे पैसे कोण देणार? हप्ते पाडून मिळतात म्हणून आकडा लहान होत नाही.

निर्णय होत नसेल, तर एक मधली वाट मोकळी आहे. दात काढायच्या आधीच माप घेऊन कवळी बनवून ठेवतात आणि दात काढल्याच्या दिवशीच ती घालतात. हाड आकसत जातं तसं तीन ते सहा महिन्यांत तिला आतून नवं अस्तर लावायचं. या काळात माणसाला स्वतःच्या तोंडाबद्दल बरंच कळतं. कवळी सहन होते की नाही, ओठाला किती आधार हवा, कुठले दात हसताना दिसतात. ही कवळी वाया जात नाही. तिच्यावर एक्स-रेत दिसणारे गटापर्चाचे (रबरासारख्या पदार्थाचे) ठिपके लावून ती घालूनच सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढतात, आणि दात कुठे येणार व हाड कुठे आहे, दोन्ही एका चित्रात दिसतात. शेवटी डॉक्टर ती हातात घेतो, कॅलिपरच्या दोन टोकांत पकडतो, एक टोक दाताच्या कडेवर, दुसरं आतल्या बाजूला, आणि आकडा वाचतो. हिरडीची दोन-तीन मिलिमीटर जाडी त्यात मिळवायची. बेरीज १५ भरली तर हाडाला हात लावायची गरज नाही. ११ भरली, तर चार मिलिमीटर कुठून येणार, हे त्याने त्याच खुर्चीपाशी, काढायच्या जागेवर बोट ठेवून सांगायचं असतं.